कालिंदीबाईंची उलट फेरी

कालिंदीबाई वर्तकांनी बत्तीस वर्षं नकाशे काढले, पण त्यातला एकही स्वतःच्या मनाने काढला नाही, आणि याचा त्यांना रास्त अभिमान होता. त्या फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत ट्रेसर होत्या. ट्रेसरने खालचा नकाशा वरच्या कापडावर जसाच्या तसा उतरवायचा असतो. खाली चूक असेल तर वरही ती चूक सुबकपणे आली पाहिजे. कल्पनाशक्ती असलेल्यांना त्या खात्यात बढती मिळत नसे. कालिंदीबाईंना दोनदा मिळाली.

त्यांना काम शिकवलं हेड ड्राफ्ट्समन गंगाधर मुळ्यांनी. मुळ्यांचा नियम एकच. प्लॉटची हद्द शाईने ओढायची ती देवळाला प्रदक्षिणा घालतो त्या दिशेने, तपासायची मात्र उलट दिशेने. ज्या वाटेने हात गेला त्याच वाटेने डोळा गेला की डोळा हाताला सामील होतो, असं त्यांचं म्हणणं. एका भाविक ट्रेसरने उलट प्रदक्षिणेला हरकत घेतली, तेव्हा मुळ्ये मान वर न करता म्हणाले, "देवाला सुलट घाल. साहेबाला उलट." ही उलट फेरी कालिंदीबाईंच्या इतकी अंगवळणी पडली की निवृत्तीनंतर त्या वाण्याची यादीसुद्धा खालून वर वाचत.

गिरगावात बिवलकर वाडीत, दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या. यजमान शरच्चंद्र वर्तक विमा कचेरीतून निवृत्त झालेले. छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला एकही खासगी प्रश्न विचारला नव्हता. ती कसर शेजारच्या खोलीतल्या चंपाबाई देवस्थळींनी भरून काढली होती. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन वाडीत आल्या. दोघींच्या मध्ये एक भिंत होती, भिंतीत एक दार होतं, गुपित एकही नव्हतं. चंपाबाईंना काही सांगणं म्हणजे वाडीला सांगणं नव्हे, असा चंपाबाईंचा प्रामाणिक समज होता. त्या फक्त समोरच्या मनूला सांगत. पुढचं मनू बघून घेई.

निवृत्तीनंतर घरात बसून शरच्चंद्ररावांचं मौन ऐकण्यापेक्षा कालिंदीबाई आठवड्यातून तीन दिवस परळच्या एका आरोग्यसंस्थेत जाऊ लागल्या. संस्थेच्या परिचारिका काळाचौकीपासून माझगाव, रे रोडपर्यंत क्षयाच्या रुग्णांच्या घरी जाऊन औषधं नीट चालू आहेत ना ते बघत. कोणत्या परिचारिकेने कोणत्या गल्लीत जायचं, याचा नकाशा संगणकावर होता. तो सांभाळायचा यशोधन, वय एकोणतीस, आणि यशोधनच्या चुका सांभाळायच्या कालिंदीबाईंनी.

नकाशा चालायचा 'मॅपशेल्फ' नावाच्या सॉफ्टवेअरवर. ते फुकट होतं, आणि कोणीही उघडून आतली वायरिंग बघू शकेल असं होतं. जगभरातली दहाबारा माणसं आपापली नोकरी सांभाळून ते चालवत. यशोधनने हे पहिल्या दिवशी समजावलं तेव्हा कालिंदीबाईंना काही अवघड गेलं नाही. त्या म्हणाल्या, "सार्वजनिक गणपती. मालकी सगळ्यांची, काम नेहमीच्या चौघांचं."

रुग्णांची घरं अर्थातच कुलपात होती. ज्या परिचारिकेचा जो विभाग, तिला तेवढीच घरं दिसायची. पाहुण्यांसाठी, म्हणजे देणगीदार वगैरे मंडळींसाठी, यशोधनने काळाचौकीच्या एका मोकळ्या मैदानावर नमुन्याचा चौकोन आखून ठेवला होता. त्यात अकरा खोटे रुग्ण राहत. त्यांना नावं देताना त्याने आपल्या शाळेतल्या मास्तरांची दिली होती. गणिताच्या मास्तरांना त्याने औषधाचा डोस दोनदा चुकवायला लावला होता.

होळी होऊन आठवडा झाला असेल. कालिंदीबाई पाहुण्याच्या खात्यातून नकाशा तपासत होत्या. चौकोनात एक जागा निवडायची तर तिचे कोपरे एकामागून एक टिपायचे, की आतले रुग्ण यादीत येत. एकदा सुलट टिपून झालं. मग सवयीने त्यांनी तेच कोपरे उलट टिपले. यादी आली, आणि येतच राहिली.

"यशोधन," त्या म्हणाल्या, "तुझे मास्तर किती होते रे?"

"अकरा. का हो ताई?"

"चारशे बारा झालेत."

यशोधन खुर्चीसकट सरकत आला. पडद्यावर शिवडीपासून माझगावापर्यंत ठिपके पसरले होते. प्रत्येकाला नाव, मजला, खोली, औषध कधी सुरू झालं ती तारीख. सगळी खरी माणसं. पासवर्ड कोणी विचारला नव्हता. तिसऱ्या पानावर रखमाचं नाव होतं. रखमा संस्थेच्या फाटकाबाहेर भाजी घेऊन बसे. कालिंदीबाई दोन वर्षं तिच्याकडून भाजी घेत होत्या. तिला औषध सुरू होऊन दोन महिने झाले होते, आणि ती हे लोकांना का सांगत नसेल हे समजायला फार हुशारी लागत नव्हती. टीबीवालीची मेथी कोण घेतं?

कारण शोधायला यशोधनला दुपार लागली. समजावून सांगायला मात्र प्रदक्षिणेचाच दाखला पुरला. प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला असतो. मॅपशेल्फही तसंच समजे, की हद्दीवरून चालताना उजव्या हाताला जे, ते आतलं. उलट चाललं की उजव्या हाताला देऊळ उरत नाही, देवळाबाहेरचं सगळं गाव येतं. मॅपशेल्फच्या दारावरचा पहारेकरी फक्त एवढंच बघे की कोपरे नमुन्याच्या चौकोनातले आहेत ना. असले की तो सोडून देई. आत माल काढून देणारा मात्र उजवा हात बघे. दोघांनी आपापलं काम चोख केलं होतं. सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं काढल्यामुळे कालिंदीबाईंना या प्रकाराचं नवल वाटलं नाही.

यशोधनने दहा मिनिटांत आपला नकाशा बंद केला. परिचारिकांना कागदी याद्या छापून दिल्या. संध्याकाळी जाताना कालिंदीबाईंनी रखमाकडून नेहमीसारखी मेथीची जुडी घेतली आणि नेहमीसारखीच ती लहान असल्याबद्दल कुरकुर केली. कुरकुर केली नसती तर रखमाला संशय आला असता.

मॅपशेल्फ चालवणाऱ्यांना त्यांनी खासगी पत्र पाठवलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं ते इंगे नावाच्या बाईंचं. त्या नॉर्वेतल्या एका गावात शाळेत भूगोल शिकवत आणि उरलेल्या वेळात जगाचे नकाशे सांभाळत. भोक खरं आहे, त्यांनी लिहिलं होतं. हे सॉफ्टवेअर वापरणारी सहाशेच्या वर ठिकाणं आम्हाला माहीत आहेत, माहीत नसलेली किती ते देव जाणे. कुठे पाण्याच्या मुख्य वाहिन्या आहेत, कुठे घर सोडून आलेल्या बायकांचे निवारे. दुरुस्तीला पाच आठवडे लागतील. तोवर कृपा करून कोणालाही सांगू नका. कोपरे उलट टिपा, एवढं एक वाक्य बाहेर पडलं तरी पुरे.

"ताई, एवढी मोठी गोष्ट सापडली," यशोधन म्हणाला. "मी फक्त एवढंच टाकतो, की आम्हाला काहीतरी सापडलंय. काय ते नाही."

"टाकलंस तर तुझ्या आईला फोन करीन."

"आईला काय सांगणार?"

"गणिताच्या मास्तरांचं काय केलंस ते."

यशोधनची आई त्याच शाळेत शिक्षिका होती. पोस्ट पडली नाही.

अशा रीतीने तरुण पिढीचा बंदोबस्त करून कालिंदीबाई घरी आल्या, आणि त्यांनी स्वतःच चूक केली. ज्याने आयुष्यात कधी गुपित ठेवलेलं नाही त्याच्याच हातून अशी चूक होते. गॅलरीत चंपाबाई मटार सोलत बसल्या होत्या.

"काय गं, चेहरा का असा?" चंपाबाईंनी विचारलं.

सराईत माणूस म्हणाला असता, डोकं दुखतंय. कालिंदीबाई म्हणाल्या, "एक गोष्ट आहे, चंपे. पण पाच आठवडे सांगता येणार नाही."

मटार सोलणारा हात थांबला. "कोणाला?"

"कोणालाच."

"ते कळलं. मला कधी सांगणार?"

"पाच आठवड्यांनी."

चंपाबाईंनी उरलेले मटार सोलले, टोपली उचलली आणि त्या आत गेल्या. छत्तीस वर्षांत मधलं दार दिवसाउजेडी पहिल्यांदा लागलं.

वाडीने आपल्या परीने तपास सुरू केला. पहिल्या मजल्याचं मत पडलं की वर्तकांचं बिल्डरशी काही ठरलंय. नकाशे कळणारी बाई, मोजमाप गुपचूप करून दिलं असणार. तिसऱ्या मजल्यावर आजारपणाकडे कल होता, कारण परळला माणूस उगाच जात नाही. कोणीतरी शरच्चंद्ररावांना थेट विचारलं. ते म्हणाले, "मला काही बोलली नाही." हे त्यांनी अशा समाधानाने सांगितलं की बिल्डरवाला पक्ष आणखी बळावला.

कालिंदीबाईंनी नवऱ्याकडे एकदा विषय काढला. "अहो, तुम्हाला नाही का वाटत, मी काय लपवतेय?"

"तुला सांगावंसं वाटतंय का?"

"वाटतंय. पण सांगता येत नाही."

"मग मी विचारून तुझी पंचाईत का करू?" म्हणत त्यांनी पेपरचं पान उलटलं. इतक्या वर्षांत कालिंदीबाईंना हा गुण वाटण्याची ही पहिलीच वेळ.

चैत्र लागला. तृतीयेला चैत्रगौर बसते आणि दारात चैत्रांगण काढतात. शंख, चक्र, कासव, गोपद्मं, सूर्य-चंद्र, झोपाळ्यातली गौर, सगळं एकाच रांगोळीत. चंपाबाईंच्या दारातलं चैत्रांगण छत्तीस वर्षं कालिंदीबाई काढत आल्या होत्या. चंपाबाईंचा हात कापे असं नाही; त्यांचं कासव सुरवंटासारखं दिसे. तृतीयेला सकाळी कालिंदीबाई रांगोळीचा डबा घेऊन बाहेर आल्या तेव्हा चंपाबाईंच्या उंबऱ्यापुढे चैत्रांगण तयार होतं. प्लास्टिकचं, छापील, चिकटवायचं. एक कोपरा वाकडा लागला होता आणि त्यात हवेचा फुगा राहिला होता. शंखाची शेपटी चुकीच्या बाजूला होती. कालिंदीबाईंना शेपटी जास्त लागली की स्टिकर, हे त्यांचं त्यांनाच कळेना. डबा घेऊन त्या आत गेल्या.

त्याच दिवशी परळला इंगेबाईंचं पत्र येऊन पडलं होतं. दुरुस्तीचा पहिला मसुदा तयार आहे, गुपचूप तपासून द्याल का? यशोधनने चौकोन, त्रिकोण, षटकोन उलटसुलट टिपून पाहिले. सगळे ठीक गेले. आता पहारेकरीही उजवा हात बघत होता.

"झालं ताई. कळवून टाकू?"

"थांब जरा," कालिंदीबाई म्हणाल्या. "चौकोन काय, कोणीही काढील."

हाताला त्या सकाळी काम मिळालं नव्हतं. त्यांनी माउस घेतला आणि नमुन्याच्या मैदानावर चैत्रांगण मांडायला घेतलं. सूर्य काढला, चंद्र काढला. मास्तरांपलीकडे कोणी आलं नाही. कासव पायांसकट गेलं. मग शंख. रांगोळीचा शंख त्या हात न उचलता एका ओढीत काढत. पोट भरायचं, रेष स्वतःलाच ओलांडून बाहेर काढायची आणि शेपटीला लहानसा फास द्यायचा. पोटाची फेरी सुलट पडते, फासाची उलट. पहारेकऱ्याने एकंदर शंख बघितला, सुलट आहे म्हणाला आणि वाट सोडली. माल देणाऱ्याला फास दिसला. यशोधनने तपासणीपुरत्या खोट्या नावांनी भरून ठेवलेलं सगळं कोठार पडद्यावर रिकामं झालं.

यशोधनने पडद्यावरच्या फासावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "हा शंख कोण काढणार होतं, ताई?"

"चंपा बोलावती तर तिच्या दारात निघाला असता," कालिंदीबाई म्हणाल्या, आणि पत्र लिहायला बसल्या.

इंगेबाईंनी आकार कसला ते विचारलं. कालिंदीबाईंनी चैत्रगौरीपासून सुरुवात करून दोन पानी उत्तर लिहिलं. इंगेबाईंनी ते तीनदा वाचल्याचं कळवलं. आता मुळापासून दुरुस्ती करावी लागेल, म्हणून तारीख आणखी तीन आठवडे पुढे जाईल. आणि तुमची हरकत नसेल तर हा शंख आम्ही कायमच्या चाचणीत ठेवतो. यापुढे मॅपशेल्फमध्ये कोणीही कुठेही काही बदललं तरी ते आधी शंखातून गेलं पाहिजे. कालिंदीबाईंना समाधान वाटलं, आणि पाठोपाठ चंपाबाईंना दिलेली तारीख आठवली.

मध्ये चंपाबाईंचं हळदीकुंकू झालं. बोलावणं मनूबरोबर आलं, म्हणजे रीतसर आलं, म्हणजे परक्यासारखं आलं. कालिंदीबाई गेल्या. कैरीची डाळ नेहमीसारखी झाली होती, पन्ह्यात वेलदोडा जास्त होता, आणि दर वर्षी हे सांगायचं काम त्यांचं असे. या वर्षी कोणीच सांगितलं नाही.

"परळला अजून जाता का हो?" मनूने ओटीचे हरभरे देताना हळूच विचारलं.

"जाते की."

"रिपोर्ट आले?"

"कसले रिपोर्ट?"

"नाही, आपलं म्हटलं. चेहऱ्यावरून काही वाटत नाही. उलट जरा भरल्यासारख्याच दिसता."

"मनू," चंपाबाई गौरीपुढून म्हणाल्या, "तिला त्रास देऊ नकोस. तिला बोलता येत नाही."

बायका हसल्या. कालिंदीबाईही हसल्या, कारण वाक्य चांगलं होतं. चंपाबाई हसल्या नाहीत.

पाच आठवडे भरले त्या दिवशी, सकाळी साडेनऊला, मधलं दार उघडलं. चंपाबाई दोन कप चहा घेऊन आत आल्या, मोड्यावर बसल्या आणि एक कप पुढे सरकवून म्हणाल्या, "आज तारीख. मी मोजलीय. सांग."

कालिंदीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. पाच आठवडे रुसून बसलेली बाई दिवस मोजत बसली होती. आत्ता सांगितलं तर काय बिघडणार होतं? चंपाला सर्व्हर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. ती मनूला सांगणार. मनूचा भाचा बेलापूरला कुठेतरी संगणकातच होता. कोपरे उलट टिपा, तीन शब्द. बेलापूरपासून पुढे सगळं जगच.

"चंपे, तारीख पुढे गेली."

"किती?"

"तीन आठवडे."

चंपाबाईंनी दोन्ही कप उचलले. "बिल्डर असता तर बरं झालं असतं," त्या दारातून म्हणाल्या. "निदान भांडता आलं असतं."

ते तीन आठवडे कालिंदीबाईंना आधीच्या पाचांपेक्षा लांब गेले. शेवटी वैशाखातल्या एका बुधवारी मॅपशेल्फची नवी आवृत्ती निघाली, सहाशे ठिकाणांना आधी कळवून झालं होतं, आणि तीनशेव्या ओळीच्या आसपास एका टिपेत मुंबईच्या के. वर्तक यांचे आभार मानले होते. यशोधनने ती ओळ छापून भिंतीला लावली. परिचारिकांना त्यांचा नकाशा परत मिळाला. कालिंदीबाई त्या दिवशी अर्ध्या दिवसाने निघाल्या.

चंपाबाई गच्चीवर उडदाचे पापड लाटत होत्या. कालिंदीबाई न विचारता समोर बसल्या, एक लाटी घेतली आणि सांगायला लागल्या. लाटलेल्या पापडाच्या कडेने बोट फिरवून सुलट दाखवलं, मग उलट. देव उजव्या हाताला. पहारेकरी, माल देणारा, शंख. नाव कोणाचं घेतलं नाही. चंपाबाईंनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही, हे वाडीच्या इतिहासात नोंदवण्यासारखं होतं.

"म्हणजे उलट फिरलं की सगळ्यांची नावं," शेवटी त्या म्हणाल्या.

"हो."

"आजाऱ्यांची."

"आमच्याकडे आजाऱ्यांची. दुसरीकडे दुसरं काही."

"आणि तू ती वाचलीस."

"दिसली, म्हणजे वाचलीच गेली."

"ओळखीचं कोणी होतं?"

"ते मी नाही सांगणार, चंपे. याला तारीख नाही."

चंपाबाईंनी पुढचा पापड लाटला, उचलून उजेडात धरून बघितला. "भोकाचं मनूला सांगितलं तर चालेल?"

"चालेल की. आता इंटरनेटवर आहे. सगळ्या जगाला माहीत आहे."

"सगळ्या जगाला माहीत आहे, मग मी कशाला सांगू?" चंपाबाई खरोखरच नाराज झाल्या. "आठ आठवडे ठेवलंस आणि शिळं करून दिलंस. शंखाचं सांगते फार तर. ते तरी घरचं आहे."

मग दोघींनी आणखी पाचसहा पापड लाटले. बाजूच्या गच्चीवर कोणी गाद्या उन्हात टाकत होतं. चंपाबाईंनी जिन्याच्या दाराकडे एकदा बघून घेतलं, लाटणं खाली ठेवलं आणि पदराने कपाळ टिपलं.

"कालिंदे, एक सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षं झाली. कोणाला सांगणार, हाच प्रश्न होता."

कालिंदीबाईंनी हातातली लाटी परातीत ठेवली आणि त्या जवळ सरकल्या.

ऊन उतरेपर्यंत दोघी बोलत होत्या. त्या दिवशीचे शेवटचे पापड लाटायचे राहिले आणि पीठ दुसऱ्या दिवशी वाया गेलं. चंपाबाईंनी काय सांगितलं ते वाडीत कोणाला माहीत नाही. शरच्चंद्ररावांनी अर्थातच विचारलं नाही. मनूला संध्याकाळी शंखाची गोष्ट कळली, आणि तिने ती वाडीभर केली.